खंडेनवमीला आलेलं व्हर्जन

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या वडिलांचे वरचे दात काढायचे ठरले होते, आणि त्याआधी माझा कॉम्प्युटर ताळ्यावर यायला हवा होता. गेल्या साली अख्खा पावसाळा मी या एकाच विवंचनेत घालवला.

आबा फौजेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. पेन्शनीवर आले आणि कुंडलला त्यांनी स्वतःचा बँड उभा केला. लग्नाच्या वराती, जत्रेतला पालखीचा छबिना, कुणाच्या मुलाची मिलिटरीत भरती झाली की त्याची मिरवणूक, असं सगळं वाजवलं. नुसती सिनेमाची गाणी वाजवणं त्यांना कमीपणाचं वाटायचं, म्हणून मधेमधे ते आपल्या चाली घुसडायचे. लोकांना त्या कुठल्या तरी जुन्या गाण्याच्या वाटायच्या. पुढे डीजेच्या भिंती आल्या आणि बँड मोडला. ढोलवाला शिरवळला कंपनीत लागला, बाकीचे आपापल्या उसात गेले. चाली राहिल्या त्या फक्त आबांच्या बोटांत. फौजेत हा माणूस नोटेशन वाचून वाजवायचा, पण स्वतःची एक ओळ कधी लिहून ठेवली नाही. मी त्यावरून डोकं फोडलं की म्हणायचे, "हुकमाचं लिवून ठेवायचं असतंय. मनातलं कशाला लिवायचं?"

क्लॅरिनेट वाजवताना वरचे पुढचे दात त्याच्या तोंडावर टेकवावे लागतात. ते हलायला लागले की सूर हलतो. आबांना साखरेचा त्रास. हिरड्या सुजल्या, दात सुटत चालले. डॉक्टरांनी सांगितलं, वरचे सगळे काढावे लागतील, मग हिरड्या भरल्या की कवळी. कवळी लावून वाजवणारेही असतात, असं मी म्हटलं. आबा म्हणाले, "दुसऱ्याचं बूट घालून परेड हुती का?" नवरात्रात दातांना हात लावायचा नाही हा त्यांचा हट्ट, म्हणून दसरा झाल्यावरची तारीख घेतली. त्याआधी त्यांच्या चाली रेकॉर्ड करायच्या, हे मी मनाशी पक्कं केलं. रेकॉर्डिंग करता येणारं घरात दुसरं होतं कोण?

मी साताऱ्यात पेटी शिकवते. मागच्या खोलीत भजनी मंडळांचं, शाळांच्या स्वागतगीतांचं रेकॉर्डिंग करते. आबांच्या कामासाठी म्हणून मी जुना कॉम्प्युटर मोडीत काढला आणि नवा हौसेनं बनवून घेतला. सुटे भाग पुण्याहून मागवले, जोडणी सांगलीतल्या एका दुकानदाराकडून करून घेतली. पंख्याचा आवाज माइकमध्ये येऊ नये म्हणून मोठा, हळू फिरणारा पंखा. डबा असा देखणा की आमचे हे म्हणाले, देवघरात ठेव. तेव्हा मी हसले होते. पुढे तो खरंच देवापुढे बसेल असं कुणाला वाटलं होतं!

कॉम्प्युटर झाला, पण तो चालवणारी सिस्टीम कोणत्या व्हर्जनची घालायची? इथून माझ्या कपाळाला जी आठी पडली ती अजून पुरती गेलेली नाही. माझ्याकडे माइक जोडायचा साउंडचा एक जुना डबा आहे. आवाज गोड, तब्येत ठणठणीत. पण त्याला कॉम्प्युटरशी बोलायला लावणारा जो प्रोग्रॅम लागतो, तो कंपनीनं फक्त जुन्या व्हर्जनपुरता बनवला आणि नंतर हात झटकले. आणि रेकॉर्डिंगचं माझं सॉफ्टवेअर? ते म्हणतं, मला नवं व्हर्जन द्या, जुन्यावर मी चालतो पण जबाबदारी माझी नाही. एकीचा हात धरावा तर दुसरी रुसून माहेरी.

मग सल्लागार सुटले. पुण्याचा माझा मावसभाऊ मोठ्या कंपनीत आहे. तो फोनवर म्हणाला, "ताई, ऑलवेज लेटेस्ट." नवं घातलं. पेटीचा एक सूर धरला की मागं लाह्या फुटल्यासारखी तडतड. फोन केला तर म्हणाला, पुढचा अपडेट येऊ दे, नीट होईल. पुढचा आला. तडतड गेली आणि आवाजच उशिरा यायला लागला. इकडं फुंकायचं आणि तिकडं हेडफोनमध्ये मागाहून ऐकू यायचं, कोयनेच्या घाटात हाक मारल्यावर येतं तसं. सांगलीचा दुकानदार म्हणाला, "ताई, तुमी जुनंच घाला. लय टिकाऊ हाय." जुनं घातलं. साउंडचा डबा बोलायला लागला, सॉफ्टवेअर तासातासाला बसकण मारायला लागलं. "मग जुन्यातलं बी जरा नवं घाला की," दुकानदार म्हणाला. म्हणजे जुन्याचीही पुन्हा व्हर्जनं, हे त्या दिवशी कळलं! इंटरनेटवर वाचावं तर एक म्हणतो हे दगडासारखं स्थिर, खाली दुसरा लिहितो माझं सगळं उडालं, तिसरा म्हणतो तुम्ही दोघंही मूर्ख, फुकटची सिस्टीम घाला. तीही घातली. तिनं माइकच ओळखला नाही. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांचं काय जातं? माझ्या आठवड्यांची माती होत होती.

या सगळ्यात आबा दर थोड्या दिवसांनी साताऱ्याला यायचे. माजी सैनिकांच्या दवाखान्यात त्यांची औषधं मिळतात. येताना क्लॅरिनेटची पेटी बरोबर असायचीच. आले की मी म्हणायचे, "आबा, नवीन व्हर्जन घातलंय. टेस्टला जरा काहीतरी वाजवा." ते ताठ बसायचे. क्लॅरिनेटच्या तोंडाची बांबूची पत्ती जिभेवर ओली करायचे. शर्टाचं वरचं बटण लावायचे, जणू समोर कर्नल उभा आहे. आणि मग सुरू. पहिल्या दोन ओळींतच मला तडतड ऐकू यायची, मी हात वर करून "बास, बास, कळलं" म्हणायचे. ते थांबायचे नाहीत. डोळे मिटून चाल संपवूनच थांबायचे. मी वैतागायचे. "आबा, टेस्टला एवढं कशाला?" तर म्हणायचे, "बँडमदी अर्ध्यात थांबत न्हाईत."

कुठल्या व्हर्जनवर तडतड किती, हे पडताळून बघायला ते सगळे तुकडे मी एका पेनड्राइव्हवर ठेवले होते. एकाला नाव 'नवं, तडतड', दुसऱ्याला 'नवं, उशीर', तिसऱ्याला 'जुनं, बरं'. कामाचं रेकॉर्डिंग पुढे करायचंच होतं, हा नुसता कचरा.

नवरात्राच्या तोंडावर शेवटी एक जुळलं. जुन्या व्हर्जनचा मधला एक अवतार, त्यावर सॉफ्टवेअरचाही थोडा जुना अवतार, आणि इंटरनेट कायमचं बंद. म्हणजे त्या यंत्राला बाहेरच्या जगाचं वारंच लागू द्यायचं नाही. दोन दिवस पेटी वाजवून बघितली. तडतड नाही, उशीर नाही. मला इतका आनंद झाला की मी दुकानदाराला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "मी सांगत नव्हतो?" या माणसानं मला काय काय सांगितलं होतं ते मी बोलले नाही.

घट बसले की आबा नऊ दिवस घर सोडत नाहीत. म्हणून यंत्रच कुंडलला न्यायचं ठरलं. धाकट्या भावानं गाडीत गादी घालून ते नेलं, आबांच्या खोलीत मांडलं. मी त्याला तीन तीनदा बजावलं. कापड घालून ठेव. हात लावू नकोस. आणि काही झालं तरी याला नेट जोडू नकोस. तो म्हणाला, "आक्के, मी काय खुळा हाय का?" त्याच वेळी मी उत्तर द्यायला हवं होतं. माझ्या पेटीच्या मुलांची परीक्षा होती, म्हणून मी साताऱ्याला परत आले. खंडेनवमीला संध्याकाळी कुंडलला जायचं, दसऱ्याला सकाळी रेकॉर्डिंग, दुसऱ्या दिवशी आबांना घेऊन दातांच्या डॉक्टरकडे, असं ठरवून.

खंडेनवमीला आमच्या घरी सगळ्या हत्यारांची पूजा असते. कोयते, विळे, पाण्याची मोटर, धुऊन पुसून हार घातलेला ट्रॅक्टर, आणि लाल फडक्यावर आबांचं क्लॅरिनेट. पूजेत मांडलेलं दसऱ्याच्या सकाळपर्यंत कुणी हलवायचं नाही, वापरायचं नाही. फक्त ट्रॅक्टर तेवढा एकदा सुरू करून नारळ फोडायचा. त्याचं शास्त्र माझ्या भावाच्या डोक्यात पक्कं आहे: बंद इंजनाची पूजा करायची नाही, इंजन देवापुढं जागं असलं पाहिजे.

संध्याकाळी मी पोचले. चपला काढून खोलीत पाऊल टाकलं आणि जागच्या जागी थिजले. माझा कॉम्प्युटर पूजेत बसला होता. कपाळाला हळदीकुंकू, डोक्यावर झेंडू, पुढ्यात पान-सुपारी. शेजारी भावाचा मोबाईल, चार्जरला लावलेला, त्यालाही कुंकू. आणि स्क्रीनवर एक गोल फिरत होता. त्याखाली टक्के चढत होते आणि इंग्रजीत लिहिलं होतं, काम चालू आहे, बंद करू नका.

"हे काय आहे?" माझा आवाज घरभर गेला असणार.

भाऊ हसत बाहेरून आला. त्याला वाटलं मी खूश झाले. "आक्के, समद्या अवजारांची पूजा झाली, तुझ्या मशीनची न्हाई हुय? त्याला जागं केलं. मग म्हनलं, गाण्याचं मशीन हाय, मुकं कसं बसवायचं? म्हनून मोबाईलचं नेट दिलं आन् आरती लावली. लय भारी आवाज हाय गं!"

"आणि हे? हे फिरतंय ते?"

"ते त्यानंच इचारलं. नवीन व्हर्जन आलंय, घालू का म्हनून. म्या हो दाबलं."

"का? का दाबलंस? मी काय सांगितलं होतं तुला?"

"शुभ दिवशी दारात आलेल्याला न्हाई म्हनू ने, आक्के."

मी कपाळ बडवून घेतलं. मोबाईल उचलायला गेले तर तो ओरडला, "आगं पूजा मोडतीया!" मोबाईलही पूजेत होता, कारण उसाचा भाव तो त्याच्यावर बघतो, म्हणजे अवजारच झालं! मी वळून कॉम्प्युटरचं बटण दाबायला हात नेला, तर स्क्रीन म्हणत होता बंद करू नका. आणि खरंच, मधेच बंद केला असता तर जुनंही गेलं असतं आणि नवंही. आयुष्यात पहिल्यांदाच आमचं शास्त्र आणि त्या कंपनीचं शास्त्र एक झालं होतं, आणि ते माझ्याविरुद्ध. आबा दाराशी येऊन उभे राहिले. म्हणाले, "सकाळी पूजा हालवल्यावर बघ." मी जेवले नाही. भावजयीनं दोनदा ताट आणलं, मी दोनदा तिच्यावर ओरडले. त्या बिचारीचा काय संबंध होता?

दसऱ्याला सकाळी आबांनी आंघोळ करून पूजा हलवली. रिवाजाप्रमाणे पहिलं क्लॅरिनेट उचललं, उंबऱ्यात उभे राहून पलटणीच्या कूचाची धून वाजवली. सूर खणखणीत होता. तेव्हाच्या तेव्हा रेकॉर्ड करता आलं असतं तर! पण कॉम्प्युटरवर नवं व्हर्जन दिमाखात बसलं होतं, डोंगराचं गुळगुळीत चित्र लावून, आणि साउंडचा डबा मेल्यागत पडला होता. जुन्याकडे परत फिरायची सोय असते, ती मी सुरू केली. पुन्हा तो गोल, पुन्हा ते टक्के. भाऊ दाराबाहेर येरझाऱ्या घालत होता. तो आत डोकावला की मी नुसतं बघायचे आणि तो परत जायचा. आबा खुर्चीत ताठ बसून. पत्ती ओली करत, ती वाळली की परत ओली करत. मधेच एकदा त्यांनी रुमाल ओठांना लावला, आणि त्यावर रक्ताचा डाग मला दिसला. "काय न्हाई," म्हणाले. "हिरडी हाय."

दुपारची जेवणं झाली तेव्हा यंत्र जाग्यावर आलं. साउंडच्या डब्यावर हिरवा दिवा लागला. मी माइक लावला, हेडफोन घातला. तडतड नाही, उशीर नाही, असा स्वच्छ आवाज की आबांचा श्वास वेगळा ऐकू येत होता. मी खूण केली. त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि सुरू केलं.

ती चाल मी कधी ऐकलेली नव्हती. संथ होती, वरातीची वाटत नव्हती. वर चढत गेली, एका सुरावर थांबली, आणि तिथून खाली उतरताना तो सूर थरथरला. त्यांनी तोंड दुरुस्त केलं, पुन्हा फुंकलं. नुसता वारा आला. आबांनी क्लॅरिनेट मांडीवर ठेवलं.

"बास," म्हणाले. "एवढीच."

अर्ध्यात न थांबणारा माणूस अर्ध्यात थांबला होता. मला इतका संताप आला की रडूच फुटलं. मी भावाला बोलले, कंपनीला बोलले, पुण्याच्या मावसभावाला त्याच्या माघारी बोलले. "एवढे महिने घालवले आणि हातात काय? अर्धी चाल! उद्या दात जाणार!"

आबांना माझं काहीच कळेना. "आगं, बाकीच्या झाल्या की समद्या."

"कुठं झाल्या?"

"तू दर बारी म्हनायचीस, वाजवा. म्या येकेक वाजवली. ही येकच ऱ्हायली हुती."

"आबा, ती टेस्ट होती!"

"ते तुजं मशीनचं. म्या वाजवायचं म्हंजे वाजवायचं. त्यात टेस्ट कसली?"

यंत्र घेऊन साताऱ्याला गेल्यावर मी पेनड्राइव्ह लावला. 'नवं, तडतड.' 'नवं, उशीर.' 'जुनं, बरं.' प्रत्येकात एक अख्खी चाल, पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत. मागं लाह्या फुटतायत, मधेमधे माझाच आवाज, बास बास, कळलं. आणि त्यावरून पुढं वाजवत जाणारे आबा. मी त्या चाली ऐकत होते की माझ्यावरच चिडत होते, मला सांगता येत नाही.

तडतड साफ करणारं एक सॉफ्टवेअर मिळतं. मी हौसेनं दुसरीकडून उतरवून पेनड्राइव्हनं यंत्रात घातलं. त्यानं विचारलं कोणतं व्हर्जन, आणि म्हणालं, क्षमस्व, यासाठी नवं लागेल. मी तो कॉम्प्युटर उचलून अंगणात फेकणार होते. आमच्या ह्यांनी वेळेवर चहा आणला.

दात काढल्यावर काही आठवड्यांनी आबा औषधांसाठी आले. कवळी अजून तयार नव्हती, गाल बसले होते, बोलताना शब्द निसटत होते. या खेपेला क्लॅरिनेटची पेटी बरोबर नव्हती. मी त्यांना ती अर्धी चाल ऐकवली. ते डोळे मिटून ऐकत होते. चाल त्या वरच्या सुरावर आली, थरथरली, वाऱ्याचा आवाज आला आणि संपली. आबांनी डोळे उघडले नाहीत. तिथूनच पुढं त्यांनी गुणगुणायला सुरुवात केली, बोळक्या तोंडानं, हूं हूं करत.

मी पटकन माइक पुढं ओढला आणि बटण दाबलं. यंत्रानं काही विचारलं नाही, काही मागितलं नाही. आबांनी चाल खाली उतरवली, वळवली आणि संपवली. मी दोन्ही तुकडे जोडले. अर्धी क्लॅरिनेटवर, अर्धी त्यांच्या तोंडानं.

फाईलला नाव द्यायचं होतं. सवयीनं मी 'जुनं' असं लिहिलं, मग पुसलं. "आबा, ही कशासाठी बांधली होती? वरातीची तर नाही."

"तुज्या पाठवनीसाठी," ते म्हणाले.

माझ्या लग्नात त्यांचाच बँड होता. क्लॅरिनेट मात्र दुसऱ्याच कुणी वाजवलं. कोण होता, आठवत नाही. निघताना काय वाजत होतं तेही आठवत नाही. आबा तेवढे आठवतात, नव्या फेट्यात, मांडवाच्या तोंडाशी.

"मग वाजवली का नाही?"

"कवा वाजवनार? पोरीचा बाप मांडवात हात जोडून हुबा ऱ्हातोय. हात मोकळं कुटं असत्यात?"

मी फाईल सेव्ह केली, पेनड्राइव्हवर घेतली, परत एकदा दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेतली. आबा म्हणाले, आता चहा टाक. त्या यंत्रावर अजून तेच जुनं व्हर्जन आहे, आणि त्याला हात लावायची माझी छाती होत नाही.